कानाने वाचलेले वर्ष

वर्षअखेर आली म्हणजे गतवर्षी आवडलेल्या ग्रंथांची व ऐकलेल्या गाण्यांची यादी सादर करण्याचा प्रघात नियतकालिकांत पडला आहे. हा प्रघात वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु अशा याद्यांत ग्रंथाचे नाव असते, कर्त्याचे असते, क्वचित किंमतही असते; तो ग्रंथ कोणत्या कसोटीस उतरला म्हणून यादीत बसला, एवढे मात्र बहुधा सांगितलेले नसते. ‘आम्हांस आवडले’ असे म्हटले की टीकाकाराचे कर्तव्य संपले, असा समज दृढ झालेला दिसतो. वास्तविक ते तेथून सुरू होते. म्हणून आमची यादी वाचकांपुढे ठेवण्यापूर्वी आम्ही कसोटी सांगतो. ती मान्य न झाल्यास वाचकांनी यादीही खुशाल अमान्य करावी.

ही कसोटी आम्ही विचार करून निवडलेली नव्हे. गेल्या पाडव्याच्या सुमारास आमच्या दृष्टीत बिघाड झाला. पानावरील ज्या शब्दावर नजर रोखावी, नेमका तोच शब्द करड्या डागाखाली नाहीसा होऊ लागला. भोवतालच्या ओळी मात्र अंधूक दिसत. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, आहे ती दृष्टी राखण्याचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही. पन्नास वर्षे वाचनावर जगलेल्या माणसास हे ऐकून काय वाटले असेल, त्याचे वर्णन येथे अप्रस्तुत आहे. प्रस्तुत एवढेच की, वाचून दाखविण्याचे काम आमच्या कुटुंबाने आपण होऊन पत्करले. तिचे शिक्षण शेवगाव तालुक्यातील एका खेड्यात सातवीपर्यंत झालेले. लग्नास बेचाळीस वर्षे झाली; या बेचाळीस वर्षांत आम्ही वाचावे आणि सायंकाळी ती धान्य निवडीत बसली असता पुस्तकाचा सारांश तिला सांगावा, असा क्रम चालत आला होता. सारांश तिला पुरतो, असे आम्ही गृहीत धरले होते. तिला तसे कधी विचारल्याचे स्मरत नाही.

वाचनास बसताना तिने एकच अट घातली. “ज्या गावांची नावं मला ठाऊक आहेत, तिथली पुस्तकं आधी.” त्यामुळे आमची यंदाची यादी नगर जिल्ह्याच्या शिवेत राहिली. प्रथम आम्हांस ही अट संकुचित वाटली. पण नेवासे, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर आणि नगरचा किल्ला एवढ्या टापूत सातशे वर्षांचे वाङ्मय मावते, हे लक्षात आल्यावर आम्ही तक्रार सोडली.

आता कसोटीविषयी. डोळा हा वाचनात मोठा सवलती देणारा अवयव आहे. लांबलेले वर्णन तो ओलांडतो, पुनरुक्ती गाळतो, फोपशा वाक्यातील कामाचा तेवढा शब्द उचलतो आणि लेखकास त्याचा पत्ता लागू देत नाही. कानास ही सोय नाही. मोठ्याने वाचणारा प्रत्येक अक्षर उच्चारतो व ऐकणाऱ्यास प्रत्येक अक्षराचे मोल द्यावे लागते. लेखक जेथे स्वतःच्या भाषेवर भाळला तेथे वाचणाऱ्याची जीभ अडखळते. जेथे त्यास खरोखर काही सांगावयाचे होते तेथे तिचा आवाज आपोआप खाली येतो. वर्षभर आम्ही हे अडखळणे आणि हे उतरणे मोजीत बसलो होतो. आमच्या टीकेचे साधन एवढेच.

पहिला ग्रंथ अर्थातच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र आम्ही तरुणपणी दोनदा वाचले होते व समासात जागोजाग ‘विनोदी’ असा शेरा मारून ठेविला होता. कानाने ऐकता तो शेरा उथळ ठरला. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील, घरात पैसा न टिकू देणारे कविवृत्तीचे पती, राहुरी-नगरच्या बाजूचा ओढगस्तीचा संसार, हे सारे लक्ष्मीबाई हसवीत हसवीत सांगतात हे खरे. परंतु १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याची वार्ता येते त्या प्रकरणाशी आमचे कुटुंब थांबले, पाणी प्याले, आणि तोच मजकूर पुन्हा आरंभापासून वाचू लागले. ‘फार रडकथा आहे काय?’ असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “रडकथा नाही. ही बाई रडून झाल्यावर सांगती आहे.”

लक्ष्मीबाईंवर बरेच लिहिले गेले आहे व त्यांपैकी काही आम्हीही लिहिले आहे. पण या एका वाक्याइतके नेमके आमच्या हातून लिहून झालेले नाही. दुःख ताजे असताना लिहिणारा विशेषणे शोधतो. रडणे आटोपून, तोंड धुऊन, मग सांगावयास बसलेल्या माणसास विशेषणांची गरज पडत नाही. त्यास घडले ते क्रमाने सांगता येते व क्रमात जे हसण्याजोगे असेल तेही गाळावे लागत नाही. ‘स्मृतिचित्रां’तील हास्य आणि शोक एकाच श्वासात येतात ते यामुळे. पुढे जन्मजात शिवाशिवीचे बंधन लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने तोडून टाकतात, तो भागही याच सुरात आहे. तेथे व्याख्यान नाही. एक बाई स्वतःशी बोलते आणि ठरवून मोकळी होते. या गद्यास शाळेचा वारा लागलेला नव्हता असे म्हणून त्याचे कौतुक करण्याची रीत आहे. आमचे मत निराळे. बोलावे तसे लिहिणे हे अशिक्षितपणाचे फळ नव्हे. बोलताना समोरचा माणूस सुटू न देण्याची जी सावधगिरी लागते ती कागदावर टिकविणे हे शिक्षणच आहे, व ते फार थोड्या पदवीधरांस साधते.

दुसरा ग्रंथ ‘ज्ञानेश्वरी’. तिला वार्षिक यादीत बसविणे कोणास धारिष्ट्याचे वाटेल. परंतु ज्या वर्षी ग्रंथ आपल्यास लागू पडतो त्या वर्षाचा तो, असे आम्ही मानतो. श्रावणात नेवाशास जाण्याचा योग आला. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ही टीका येथे सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली आणि ज्या खांबास टेकून ज्ञानदेव बसले तो हाच, अशी श्रद्धा असलेला पैस खांब तेथे आहे. आम्हांस तो स्पष्ट दिसला नाही, हाताने चाचपला. शेजारच्या मंडपात पारायण चालले होते. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, दोन-चार शाळकरी मुले एका सुरात ओव्या म्हणत होती.

तेथे आम्हांस ओवीचा एक गुण प्रथम उमगला. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात व चौथा आखूड आणि मोकळा असतो. छंदःशास्त्राच्या पुस्तकात हे आम्ही शिकलो होतो. पण चौथा चरण आखूड कशासाठी, हे पुस्तकाने सांगितले नव्हते. म्हणणाऱ्यास श्वास घ्यावा लागतो आणि ऐकणाऱ्यास मान हलवावी लागते, त्यासाठी तेथे जागा ठेविलेली आहे. ज्ञानदेव एका दृष्टान्तावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे ढीग घालतात, हा आक्षेप डोळ्यांनी वाचणाऱ्याचा आहे. कानाने घेणाऱ्यास प्रत्येक श्वासाबरोबर एकच दृष्टान्त मिळतो. तो पचेपर्यंत पुढचा येत नाही. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथात श्रोत्यांची विनवणी, त्यांची अधीरता, मध्येच गुरूचे बोलणे हे सारे आलेले आहे. वक्त्यापुढे खरी माणसे बसली होती याचा पुरावा निराळा शोधावयास नको.

याच जोडीने महिपतीचा ‘भक्तविजय’ ऐकला. राहुरी तालुक्यातील ताहराबादचा हा चरित्रकार (१७१५–१७९०). १७६२ साली त्याने सत्तावन्न अध्यायांत संतांच्या कथा ओवीबद्ध केल्या. याच्या पुनरुक्तीस आम्ही पूर्वी कंटाळत असू. एक प्रसंग घडावयाचा, मग तो कोणी कोणास सांगावयाचा, मग तिसरा त्याचे आश्चर्य करावयाचा! परंतु संध्याकाळच्या वाचनात दारावर कोणी आले, फोन वाजला, दूध उतू गेले म्हणजे कथेचा धागा तुटे, आणि महिपती तो पुन्हा हाती देई. ज्या श्रोत्यांसाठी त्याने लिहिले त्यांची गुरे-वासरे होती, मुले रडत होती, काही उशिरा येऊन मागे बसत होते. पुनरुक्ती हे अशा श्रोत्यांसाठी केलेले आदरातिथ्य आहे. महिपती ज्ञानदेवांच्या तोलाचा कवी नव्हे हे उघड आहे. पण मागच्या बाकावरील श्रोत्याची काळजी त्याच्याइतकी कोणी वाहिली असेल असे वाटत नाही.

आता गाण्यांकडे वळू. संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९) आमच्या यादीत पुस्तकात घालावा की संगीतात, याचा निर्णय झाला नाही. त्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, अहिल्याबाई होळकरांनी बोध केल्यामुळे त्याने तमाशा सोडून कीर्तन पत्करले. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, याच जिल्ह्यातील चौंडीचा. त्यांच्याच नावाने २०२४ पासून आमचा जिल्हा अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. आख्यायिका खरी मानली तरी फंदीचे फटके ऐकताना असे दिसते की, कवीने डफ खाली ठेविला पण ताल ठेविला नाही. उपदेश सज्जनाचा, चाल मात्र फडावरची. म्हणूनच तो उपदेश कंटाळवाणा होत नाही. नीतीने ढोलकीची सोबत सोडली की तिचे काय होते, हे शालेय क्रमिक पुस्तकांतील पुष्कळ नीतिपर पद्यांवरून दिसतेच.

हा ताल जिवंत ऐकावा म्हणून एका यात्रेत रात्री तमाशास गेलो. आमचे कुटुंब बरोबर आले. पन्नास वर्षांपूर्वी तिला माहेरी यास बंदी होती. संगमनेर हे कांताबाई सातारकर (निधन २०२१) यांच्यासारख्या थोर तमासगीर स्त्रीच्या फडाचे गाव. या बाजूस ऐकणाराचा कान अजून तयार आहे. गण, गवळण, बतावणी यांपैकी आम्हांस विशेष लक्षात राहिले ते झीलकऱ्यांचे काम. मुख्य गाणारीने ओळ सोडली की मागून ती उचलून वर नेणारे हे गायक. त्यांच्याकडे डोळ्यांनी पाहणारा बघत नाही. आम्ही दृष्टीने अधू, म्हणून आमचे लक्ष त्यांच्याकडे गेले. कर्ण्यांचा आवाज मात्र इतका चढविला होता की ढोलकीवरील बोटांचे नाजूक काम त्यात बुडाले, हा दोष नमूद करणे भाग आहे. मोठा आवाज हा जिवंत ताल नव्हे.

नाताळात नगरच्या एका जुन्या चर्चमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजने ऐकली. परक्या चालींत बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी टिळकांनी अभंगाचे वळण आणले, हे वाङ्मयेतिहासात सांगतात. पेटी, तबला आणि झांज यांच्या साथीने ती भजने चालू झाली तेव्हा नेवाशाच्या मंडपातील आणि या चर्चमधील सूर यांत आमच्या कानास शिवेची रेघ सापडली नाही. अर्थात् दोन्हीकडील श्रद्धा निराळ्या आहेत व त्या एक आहेत असे म्हणणे दोघांचाही अवमान होईल. पण टाळी जेथे पडावयाची तेथेच पडत होती.

याच मालिकेत ‘संत ज्ञानेश्वर’ या १९४० च्या प्रभात चित्रपटाचा उल्लेख करणे उचित होईल. त्यातील ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे १९१८ साली नगरात, ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. चित्रपट आम्ही यंदा पडद्याकडे पाठ करून ऐकला. ज्या चालत्या भिंतीने त्या काळी प्रेक्षक थक्क झाले ती आमच्यापुरती नाहीशी झाली. राहिले ते केशवराव भोळे यांचे संगीत. अद्भुत पुसले गेल्यावरही ज्याचे देवत्व टिकते तो अभिनय आणि ते संगीत खरे, असे आमचे मत झाले. भोळ्यांच्या चाली बोलण्यापासून फार दूर जात नाहीत व शब्दास पायाखाली घेत नाहीत. चमत्कारांनी भरलेल्या कथेत एवढा संयम राखणे हाच आम्हांस मोठा चमत्कार वाटला.

पाचवा ग्रंथ परभाषेतला, पण आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर लिहिलेला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यसमितीच्या सभासदांस नगरच्या किल्ल्यात आणून ठेविले. तेथे १९४४ साली नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले हे सर्वश्रुत आहे. मौलाना आझादांनी तेथे ‘गुबारे खातिर’मधील पत्रे लिहिली हे मराठी वाचकांस तितके ठाऊक नसते. ही पत्रे हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यास उद्देशून आहेत. त्या वेळी ती टपालात पडण्याची शक्यता नव्हती. १९४६ साली त्यांचे पुस्तक झाले. आमच्या एका उर्दू जाणणाऱ्या मित्राने ती मूळ भाषेत वाचून, अर्थ मराठीत सांगत, चार रविवार ऐकविली.

पहाटेचा चिनी चहा, कोठडीतील चिमण्यांशी केलेली लढाई आणि मग तह, तरुणपणी शिकलेली सतार व ताजमहालाच्या सान्निध्यात चांदण्यात केलेले तिचे वादन, या विषयांवर मौलाना जे लिहितात ते दरबारी थाटाचे आहे. फारसी शेरांची पखरण इतकी की मित्रास दर चार ओळींनी थांबावे लागे. आमच्या कसोटीप्रमाणे हे पुस्तक नापास व्हावयास हवे होते. तसे का झाले नाही, याचा आम्ही विचार केला. समोर कोणी ऐकणारा नसताना माणूस बोलू लागला म्हणजे तो स्वतःच्या आवाजासच सोबती करतो. तेथे अलंकार हा दिमाख नसून एकांताचा उपाय असतो. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या. पतीची भेट झाली नाही. त्यावरील पत्रात थाट उणा होतो आणि नित्यक्रम बाहेरून तसाच ठेवताना आत काय चालले होते, ते कळते. मित्र वाचून थांबले. आमचे कुटुंब दाराशी बसून ऐकत होते. ती म्हणाली, “मित्राला एवढं सांगितलं. तिला यातलं कधी काही सांगितलं असेल का?”

मित्रांनी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. प्रश्न मौलानांविषयी होता, परंतु तो खोलीत दुसऱ्या कोणास लागू पडत नव्हता असे आम्हांस म्हणता येणार नाही. ग्रंथ श्रेष्ठ आहे या आमच्या मतात त्यामुळे फरक पडला नाही. मात्र श्रेष्ठ ग्रंथातही कोण ऐकत आहे याबरोबर कोण ऐकत नाही हेही पाहावे, एवढा धडा आम्ही घेतला.

शेवटी अपयशाची नोंद. संगमनेरात अध्यापन केलेले आणि ‘ताम्रपटा’साठी १९९९ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळविलेले रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही बृहत्कादंबरी २०१९ साली श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनाने काढली. एका कुळाच्या निमित्ताने काही शतकांचा मराठी मुलूख उभा करण्याचा तो उद्योग आहे. पूर्वज बोलू लागतात तेथे वाचन छान रंगे. पण इतिहासाची मीमांसा सुरू झाली की ऐकता ऐकता नावे, नाती, सनावळी यांची गाठ पडे. मागचे पान उलटून पाहण्याची सोय कानास नाही. तीन आठवड्यांनी आम्ही हात टेकले आणि ‘कानास जड’ असा शेरा देऊन पुस्तक बाजूस ठेवविले.

त्यानंतर माघ महिन्यातील एका रात्री आम्हांस जाग आली. शेजारच्या खोलीत दिवा असावा. उजेडाचा एक पिवळा पट्टा आम्हांस दिसे. आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने एक पान उलटल्याचा आवाज आला, मग पुन्हा शांतता, मग पुन्हा पान. मध्येच दोन-तीन पाने मागे गेल्याचाही. आमचे कुटुंब ते पुस्तक वाचीत होते, आणि आमच्यासाठी वाचीत नव्हते. जो ग्रंथ आमच्या कसोटीने नापास केला तो तिने स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या गतीने, हवे तेथे मागे जाऊन वाचावयास घेतला होता. कसोटी खोटी नव्हे. पण ती एका दुखणाइताची कसोटी होती, आणि काही ग्रंथ एकट्याने, मुकाट्याने व मागेपुढे करीतच वाचावयाचे असतात, हे आम्ही येथे कबूल करतो. ‘कानास जड’ हा शेरा कानाविषयी आहे. ग्रंथाविषयी तो निकाल समजू नये.

आठ-दहा दिवसांनी सायंकाळी ती हरभरे निवडीत बसली असता त्या कादंबरीचा सारांश तिने आम्हांस सांगितला. सांगणे व्यवस्थित होते. महत्त्वाचे काही सुटले नव्हते असे वाटते. तो संपल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग आम्ही तिला विनंती केली की पुस्तक पुन्हा आरंभापासून, हळूहळू, अडेल तेथे थांबून वाचावे. कारण सारांश आम्हांस पुरला नाही.